मामाने आणलेला ‘सेव्हन किंग्डम्स’ आणि बेवारस गेम्सचा प्रश्न

डिचोलीकर · शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

आठ दिवस झाले, पावसाने उसंत दिलेली नाही. काल संध्याकाळी वीज गेल्यावर बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो, कुठे गळतंय ते बघायला, आणि तिथे जुना पुठ्ठ्याचा खोका हाती लागला. माझे मामा बोटीवर होते. १९९९ साली सुट्टीवर आले तेव्हा सिंगापूरहून त्यांनी माझ्यासाठी एक गेम आणला होता: ‘सेव्हन किंग्डम्स: एन्शंट ॲडव्हर्सरीज’. मित्रांकडे ‘एज ऑफ एम्पायर्स’ चालायचा, मला तोच हवा होता, त्यामुळे पहिले दोन दिवस मी खोक्याला हातसुद्धा लावला नाही. नंतर मात्र बारावीपर्यंत दुसरं काही खेळलो नाही.

खोका ओलसर झालाय. माहितीपुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलीत. सीडीच्या चकचकीत बाजूवर कडेकडेने बुरशी चढलीय, तांदळाच्या पिठाची रांगोळी पायाने फिसकटावी तशी. ड्राइव्हमध्ये घातली तर घरघर होते आणि थांबते.

ज्यांनी हा गेम खेळला नाही (म्हणजे बहुतेक सगळ्यांनी) त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. हाँगकाँगच्या एन्लाइट या कंपनीच्या ट्रेव्हर चॅन यांनी तो केला. त्याआधी १९९५ साली त्यांनी ‘कॅपिटॅलिझम’ हा धंदा चालवण्याचा गेम केला होता, आणि ती व्यापाऱ्याची नजर इथेही दिसते. मूळ गेम १९९७ चा, म्हणजे ‘एज ऑफ एम्पायर्स’च्याच वर्षीचा. पुढच्या मार्चमध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आला. या दोघांच्या मध्ये तो चेंगरला. १९९८ च्या ‘एन्शंट ॲडव्हर्सरीज’मध्ये इजिप्शियन, झुलू आणि मुघल अशा तीन जमाती वाढल्या. डिचोलीत बसून मुघल खेळायला मिळणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती!

इतर गेम्समध्ये झाडं तोडा, सोनं खणा, सैनिक काढा, चाल करा. इथे माणसं कारखान्यातून निघत नाहीत. ती गावांत राहतात, त्यांना जमात असते आणि निष्ठा असते, शून्य ते शंभर. कर लावला की निष्ठा उतरते, मदत वाटली की चढते. फार उतरली की गाव बंड करतं. शेजारच्या स्वतंत्र गावावर तुम्ही चाल करू शकता, पण रयतेला मारलंत की तुमची पत घसरते आणि स्वतःच्याच गावांत कुरबुर सुरू होते. दुसरा मार्ग माझा आवडता. समजा गाव व्हायकिंगांचं आहे. खानावळीतून एखादा व्हायकिंग सरदार नोकरीला ठेवायचा, गावाजवळ गढी बांधायची आणि त्याला तिथे नेमायचं. मग वाट बघायची. गावाचा विरोध ७१ असतो, थोड्या वेळाने ६८, मग ६४. आपला माणूस गढीत बसलाय हे बघून गाव हळूहळू सैलावतं. एक बाण न सोडता एके दिवशी निशाणाचा रंग बदलतो.

आणि हेर! एका डावात मी साधा शेतकरी हेर म्हणून पर्शियन राज्यात वस्तीला पाठवला आणि विसरून गेलो. त्यांनी त्याला सैन्यात घेतलं. पुढे त्यांचा सरदार मेला आणि गढीचा ताबा नेमका माझ्या माणसाकडे आला. रात्रीचे साडेबारा वाजले होते, आई आतून हाका मारत होती आणि मी पडद्याकडे नुसता बघत बसलो होतो. ती गढी मी लगेच घेतली नाही. त्यांची चाल आमच्यावर निघेपर्यंत थांबलो.

आम्ही गोव्याच्या खाणपट्ट्यातली माणसं, म्हणून आणखी एक सांगतो. या गेममध्ये माती, तांबं आणि लोखंड खणून कारखान्यात माल करायचा, बाजारात विकायचा. खाणीतला साठा संपतो. संपला की कारखाना बंद, बाजार रिकामा, पण माणसं तेवढीच आणि धान्य रोज तेवढंच लागतं. २०१२ च्या सप्टेंबरात आमच्याकडे खाणी थांबल्या आणि दारासमोरचे ट्रक हलेनासे झाले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा गेम.

आता मूळ प्रश्न. २००५ च्या सुमारास सीडी अडखळू लागली तेव्हा मी एका अबँडनवेअर साइटवरून (विक्री बंद झालेले जुने गेम्स फुकट ठेवणारी साइट) गेम उतरवून घेतला. दुकानात मिळत नव्हता, कुठे चौकशी करावी ते कळत नव्हतं. तरीही ते मनाला लागून राहिलं. मामांनी पैसे मोजून आणलेली वस्तू मी फुकट पळवून आणल्यासारखं वाटलं. पुढे कळलं की २००९ साली एन्लाइटनेच गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. आज तो कोणीही उतरवून घ्यावा, खेळावा, सुधारावा. संगीत तेवढं त्या परवान्यात नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. माझ्या गेमचं भलं झालं. पण ज्यांचं असं झालं नाही, त्यांचं काय? दुकानात नाही, कंपनी जागेवर नाही, तर तो गेम उतरवून घेणं चोरी आहे का?

---

मडगावचो · शुक्रवार, रात्री ११:१५

मस्त लिहिलंय दादा, उद्याच उतरवून घेतो.

माझा प्रश्न ‘द बॅटल फॉर मिडल-अर्थ’चा. २००४ चा स्ट्रॅटेजी गेम, दुसरा भाग २००६ चा. प्रकाशकाकडचा परवाना संपला, तेव्हापासून विक्री बंद. एकाकडे जुनी डिस्क आहे, तो साडेचार हजार मागतोय. मी ते दिले तर गेम करणाऱ्यांना एक पैसा जात नाही. फुकट उतरवला तरी जात नाही. मग पहिलं बरोबर आणि दुसरं चूक कसं?

---

पर्वरीचा_कोडर · शनिवार, सकाळी ७:५०

मी स्वतः गेम्स करतो, म्हणून जरा कडक लिहितो. राग नसावा.

‘अबँडनवेअर’ हा शब्द खेळणाऱ्यांनी नव्वदच्या दशकात काढला. करणाऱ्याने ‘मी सोडून दिलं’ असं कुठेच म्हटलेलं नसतं. दोन वर्षांपूर्वी माझा एक छोटा मोबाइल गेम मी स्टोअरवरून काढला. नव्या फोनवर तो कोलमडत होता आणि दुरुस्तीला वेळ हवा होता. महिन्याभरात एका साइटवर तो ‘जुना, बंद पडलेला’ म्हणून चढला. वर त्यात जाहिराती घुसडलेल्या. लोकांचे फोन त्या जाहिरातींनी भरले आणि शिव्यांचे मेल मला आले. मी तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. तीन वर्षं रात्री जागून केलेल्या कामाबद्दल कोणी परस्पर ठरवलं की याला मालक नाही.

डिचोलीकर, तुमच्या मनाला लागलं ते योग्यच होतं. विकत मिळत नाही म्हणजे फुकट झालं, असं होत नाही.

---

सत्तरीचा_पाऊस · शनिवार, सकाळी ९:०५

आधी सीडीचं बघा, वाद नंतर. बुरशी बहुतेक वेळा वरवरची असते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल अजिबात नको, कारण गोल ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच धावतो. सावलीत वाळवा. मग वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, जुने ड्राइव्ह पुष्कळदा जास्त सहनशील असतात. माझ्याकडे वाळपईला दोन आहेत. वाचली गेली की पहिलं काम म्हणजे तिची इमेज (संगणकावरची हुबेहूब नक्कल) काढून ठेवणं. पुढचा पावसाळा ती बघेलच असं नाही.

---

अंत्रुजी · शनिवार, दुपारी २:३०

मी वकिली करते. हा सल्ला समजू नका, पण कायदा काय म्हणतो ते सांगते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती धरलेली आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे परदेशी कृतींनाही इथे संरक्षण आहे. म्हणजे १९९७ चा गेम मोकळा झालेला आपल्यापैकी कोणी बघणार नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपला, असं एकही कलम नाही. हक्क सोडायचा तर लेखकाला तसं जाहीर करावं लागतं, त्यासाठी कलम २१ आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर कलम ६३ब लागतं: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. उलट ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे, त्याला ती खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत काढता येते, कलम ५२. डिचोलीकरांनी मामांच्या सीडीची इमेज खुशाल काढावी.

आणखी एक वाट आहे, कलम ३१अ. मालक सापडतच नसेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण अर्जाआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. एका जुन्या गेमसाठी एवढं कोण करणार?

बेवारस हा शब्द मला पटत नाही. आमच्याकडे इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची, प्रकरणं येतात. घर असतं कौलारू, मोठं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असलेलं. वारस सतरा. दोन लिस्बनला, चार मुंबईला, एकाचा पत्ता नाही. घर बंद. पाऊस कोणासाठी थांबत नाही, आधी कौलं सरकतात, मग वासे कुजतात. शेजारी शिडी लावून दरवर्षी मृगाआधी कौलं सारखी करतो. कायद्याने तोही परक्याच्या घरावर चढलेला माणूस. आणि एक दुसरा येतो, खिडक्या काढून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकतो. दोघांनी कुंपण ओलांडलंच, पण मी तरी दोघांना एका रांगेत उभं करणार नाही.

---

पर्वरीचा_कोडर · शनिवार, दुपारी ३:१०

कौलं सारखी करणाऱ्याला माझी हरकत नाही. पण तो घरात राहायला गेला तर? अबँडनवेअर साइट्स कौलं सारखी करत नाहीत. दार उघडून पाटी लावतात: या, राहा, बाहेर आमच्या जाहिराती बघा.

---

अंत्रुजी · शनिवार, दुपारी ३:४०

सगळ्या नाही. ‘होम ऑफ द अंडरडॉग्ज’ आठवा. १९९८ मध्ये थायलंडच्या एका बाईंनी सुरू केली. नावातच दुर्लक्षित गेम्सची बाजू घेतलेली. प्रत्येक गेमवर मन लावून परीक्षण असायचं, आणि जो गेम बाजारात मिळतो त्याला उतरवण्याऐवजी विकत घेण्याचा दुवा. २००९ मध्ये ती बंद पडली. ‘सेव्हन किंग्डम्स’सारख्या गेम्सवर कोणी काही लिहिलं असेल तर ते अशाच ठिकाणी.

आणि मालकी कशी भरकटते तेही बघा. ‘इम्पिरियलिझम’, १९९७ चाच, फ्रॉग सिटी या कंपनीने केला आणि एसएसआय या प्रकाशकाने काढला. एसएसआय १९९४ पासून माइंडस्केपची. माइंडस्केप १९९८ मध्ये लर्निंग कंपनीने घेतली, तिला पुढच्या वर्षी मॅटेलने, म्हणजे बार्बीवाल्यांनी. २००१ मध्ये गेम्सचा तो विभाग युबिसॉफ्टकडे गेला. या प्रवासात तो गेम कोणाच्या कपाटात पडला होता, हे त्या कपाटवाल्यांना तरी आठवत असेल का? आज तो गॉग या ऑनलाइन दुकानात रीतसर विकत मिळतो. म्हणून मी म्हणते, वारस आहेत. दाराशी यायला त्यांना वेळ लागतो.

---

मडगावचो · शनिवार, संध्याकाळी ६:२०

पण ताई, वारस येईपर्यंत घर उभं कोणी ठेवलं? २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनचा अभ्यास आला होता. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. शंभरातले तेरा सोडले तर बाकी सगळे कोणाच्या तरी कपाटात नाहीतर अशा साइट्सवर.

---

पाटो_पुलावरून · शनिवार, रात्री ९:३५

मला गेम्समधलं काही कळत नाही, मुलगा खेळायचा. पण माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं आणि हा वाद मला फार ओळखीचा वाटला.

आपल्या गोव्यात छपाई आली १५५६ साली. १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं. या तीन आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज पत्ता नाही. पुढे १६८४ मध्ये स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान निघालं. तरी ग्रंथ वाचला, कारण लोकांनी हाताने प्रती केल्या. गोवा सोडून खाली मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या सोबत नेल्या, उपासाच्या दिवसांत घरी वाचल्या, कागद जीर्ण झाला की पुन्हा उतरवून काढल्या. १९०७ मध्ये मंगळूरला तो परत छापला गेला तो अशा हस्तलिखितांवरून. त्या नकलाकारांनी कोणाची परवानगी घेतली होती? घ्यायला उरलं होतं तरी कोण?

मालकाचं काम वाचवतो तो बहुतेक वेळा मालक नसतो, हे मी चाळीस वर्षं पाहिलं. पण त्या नकलाकारांनी पानं विकायला मांडली नाहीत आणि स्टीफन्सचं नाव पुसलं नाही. कोडरसाहेबांची तक्रार नाव पुसून जाहिरात चिकटवणाऱ्यांविरुद्ध आहे, असं मी समजतो. ती रास्त आहे.

---

पर्वरीचा_कोडर · शनिवार, रात्री १०:१०

काका, हे माहीत नव्हतं. विचार करायला लावलंत.

तरी एक फरक ठेवा. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. माझ्यासारखे करणारे अजून जिवंत आहेत आणि मेलला उत्तर देतात. निदान विचारा तरी. पुष्कळ जण हो म्हणतील. मीही म्हटलं असतं.

आणि खरं मागणं कंपन्यांकडे असायला हवं. विकायचं नाही तर कोड मोकळा करा. ‘वॉरझोन २१००’ असाच १९९९ चा दुर्लक्षित गेम, त्याचा कोड चाहत्यांनी मागणी लावून धरली आणि २००४ मध्ये खुला झाला. आजही त्यात भर पडते आहे. ‘कमांड अँड कॉन्कर’ आणि ‘रेड अलर्ट’चा बराचसा कोड २०२० मध्ये खुद्द ईए या बड्या गेम कंपनीने दिला. एन्लाइटसारख्या छोट्या कंपनीने २००९ मध्येच हे केलं, याचं मला जास्त कौतुक आहे. मी माझ्या त्या मोबाइल गेमबद्दल आता ठरवलंय: दुरुस्ती जमली तर परत विकीन, नाही जमली तर वर्षअखेरीस कोड खुला करून टाकीन.

---

डिचोलीकर · रविवार, रात्री ८:५५

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं मन लावून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी वाळपईला जाऊन आलो. सत्तरीभाऊंनी सांगितल्याप्रमाणे सीडी घरीच धुऊन नेली होती. पहिल्या ड्राइव्हने नाकारली. दुसऱ्याने सुरुवात केली, ६२ टक्क्यांवर वीस मिनिटं अडकली, आम्ही दोघं काही न बोलता चहा पीत बसलो, आणि मग ती पुढे सरकली. पूर्ण इमेज मिळाली. घरी येऊन ती दोन ठिकाणी ठेवली. कुठेही चढवणार नाही. खेळण्यासाठी खुली आवृत्ती आहेच, आणि ती नव्या संगणकावर जास्त चांगली चालते.

मडगावच्या भावाला माझ्यापुरतं उत्तर देतो. डिस्क परवडत असेल तर घे आणि तिची राखीव प्रत काढ. नसेल परवडत आणि उतरवलास, तर मी तुला चोर म्हणणार नाही, पण ती दुसऱ्याला देऊ नकोस, आणि गेम परत विक्रीला आला तर पहिल्या दिवशी विकत घे. मी ‘इम्पिरियलिझम’च्या बाबतीत हेच केलं. आधी उतरवला होता, गॉगवर आल्यावर पैसे भरले. भरल्यावर बरं वाटलं. आधीच्या उतरवण्याला त्याने रीतसरपणा येत नाही, हे अंत्रुजीताईंच्या प्रतिसादानंतर कबूल करतो.

राहिलं माहितीपुस्तक. पानं टाल्कम लावून सोडवली, दोन फाटली, बाकी वाचता येतात. त्यात प्रत्येक जमातीचा थोडा इतिहास दिलाय, मुघलांचाही. ते स्कॅन करून सगळ्यांना द्यावं असं फार वाटतंय. पण कोड खुला केला म्हणजे पुस्तकही खुलं केलं असा अर्थ मी परस्पर काढणार नाही. कोडर म्हणाले तसं कंपनीला विचारणारा मेल दुपारी लिहिला आणि पाठवून दिला. मामांचं नाव घातलं, खोका कुठून आला तेही लिहिलं.

मामा आता ऐंशीचे आहेत. संध्याकाळी त्यांना लॅपटॉपवर गेम लावून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “तो गढीतला माणूस आपला की त्यांचा?”

पुढच्या शनिवारी रात्री नऊला चार जणांचा डाव लावतोय. मी मुघल घेणार. वीज असली तर या.

---

मडगावचो · रविवार, रात्री ९:०२

मी झुलू. आणि दादा, तुमच्या गावांत माझा हेर आधीच बसलाय असं समजा.